बाटलीवरचं नाव

"पुरुष माणूस अडलेला चारचौघांना दिसू द्यायचा नाही, इंदू. त्याचं अडलेलं काम त्याला कळायच्या आत पुरं करून टाकायचं, आणि वर त्यानंच केलं म्हणून त्याचं कौतुक करायचं."

सासूबाईंना जाऊन सतरा वर्षं झाली होती, पण हा आवाज इंदुमतीबाईंच्या कानाशी मुक्कामालाच होता. त्या मंगळवारी सकाळी पावणेनऊला, न्हाणीघराच्या दाराशी रिकामी बादली घेऊन त्या उभ्या होत्या, तेव्हा तो पुन्हा ऐकू आला. आणि सासूचा शब्द बाईंनी आजवर मोडलेला नव्हता.

बाहेरच्या खोलीत पुण्याहून आलेले प्रतापराव बसले होते. त्यांची औषधांची कंपनी होती. बाजार खुला झाल्यापासून शहरातल्या कोठी भागातल्या औषधांच्या दुकानांत एकाच गोळीचे वीस-वीस भाऊबंद वीस नावांनी मांडलेले असत. त्या गर्दीत प्रतापरावांना गोळ्यांचा कंटाळा आला होता आणि काहीतरी नवीन हवं होतं. नवीन काहीतरी मिलिंदकडे होतं. इंदुमतीबाईंच्या या एकुलत्या एक मुलानं चार वर्षांपूर्वी सरकारी औषध कारखान्यातली कायमची नोकरी सोडली, तेव्हा नातेवाईक सुतकात यावेत तसे भेटायला येऊन गेले होते. मिलिंदनं शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, कुकटपल्लीत पत्र्याची एक शेड भाड्यानं घेतली आणि तो आणि त्याची बायको मेघना, दोघांनी तिथं डोकं घालून एक निळी पेटी तयार केली.

पेटी दिसायला नवरीच्या शृंगारपेटीएवढी. मोटारीच्या बॅटरीवरही चालायची. आत ऊब धरून ठेवलेली, आणि त्या उबेत एक पांढरी पट्टी. पट्टीवर बोटाच्या पेराएवढ्या बारा वाट्या. पहिली वाटी नुसती पडताळ्याची, तिच्यात औषध नाही, पुढच्या अकरांत अकरा वेगवेगळी अँटिबायोटिक्स. रोग्याची लघवी थोडी थोडी सगळ्या वाट्यांत सोडायची आणि झाकण लावायचं. जिथं जंतू जगतील तिथलं पाणी सहा तासांत गुलाबी होणार, जिथं औषध त्यांना मारील तिथलं निळंच राहणार. निळी वाटी कुठली ते बघायचं आणि तेच औषध द्यायचं. लॅबोरेटरीत याच कामाला तीन दिवस लागतात आणि तोवर डॉक्टर अंदाजानं गोळ्या देत राहतात, हे मिलिंदनं आईला इतक्यांदा सांगितलं होतं की तिला ते आरतीसारखं पाठ झालं होतं.

प्रतापरावांनी अट एकच घातली होती. लॅबमध्ये सगळंच चालतं, म्हणाले. साध्या घरात, साध्या टेबलावर चालवून दाखवा. म्हणून पेटी आईवडिलांच्या कोठीच्या फ्लॅटमध्ये, जेवणाच्या टेबलावर आली. लोणच्याच्या बरण्या हलल्या, वर्तमानपत्र अंथरलं गेलं. इंदुमतीबाईंची तक्रार नव्हती. टेबलापासून देव्हारा चार हातांवर, एवढीच अडचण. त्यांनी देव्हाऱ्याचा पडदा ओढून घेतला. देवांना सगळं कळतं हे त्यांना मान्य होतं, पण कळणं वेगळं आणि समोर बसून बघायला लावणं वेगळं.

रोगी घरचाच होता. प्रभाकरराव पानगावकर, हायकोर्टातून सेक्शन ऑफिसर म्हणून निवृत्त, वय अडुसष्ट. त्यांना अलीकडे घडीघडी उठावं लागायचं, आणि डॉक्टरांनी एकदा तपासून घ्या म्हणून चिठ्ठी दिलेलीच होती. मिलिंदनं बाटलीवर वडिलांचं नाव चिकटवलं. अर्धं पेटीत जाईल, अर्धं कोठीच्या लॅबोरेटरीत. शुक्रवारी लॅबचा रिपोर्ट आला की दोन्ही ताडून बघायचं. बाटलीवर एक रेघ होती. बाबा, या रेघेपर्यंत, असं त्यानं बजावलं.

फ्लॅट बांधणाऱ्यानं न्हाणीघराचं दार नेमकं बाहेरच्या खोलीत उघडेल असं केलं होतं. प्रभाकरराव टॉवेलाखाली बाटली धरून आत गेले. नळ सुरू झाल्याचा आवाज आला. प्रतापराव सभ्य गृहस्थ, ते छताच्या पंख्याकडे बघत बसले. मिलिंद घड्याळाकडे बघत बसला. पाच मिनिटं झाली, दहा झाली, नळ वाहतच होता. ज्या माणसानं तीस वर्षं वकिलांना दाराबाहेर ताटकळत ठेवलं, त्याच्यावर आज आतून ही वेळ आली. पाव तासानं ते बाहेर आले, पेपर अवघड गेलेल्या विद्यार्थ्याच्या चेहऱ्यानं, आणि स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन बायकोला हळूच म्हणाले, "खिडकीत ठेवलीय. चार थेंब आहेत. मिलिंदला म्हणावं, एवढ्यात भागव."

मिलिंदला तसं सांगायचं म्हणजे प्रतापरावांच्या देखत सांगायचं. इंदुमतीबाईंनी बादली उचलली.

आत खिडकीत बाटली होती आणि बाटलीच्या तळाशी खरोखरच चार थेंब होते. बाईंनी फार विचार केला नाही. पाहुणे वाढले की आमटीत पाणी वाढवायचं, ही चाळीस वर्षांची सवय होती. शिवाय नवऱ्याच्या पुण्यात बायकोचा अर्धा वाटा असतोच. मग या एवढ्याशा गोष्टीत वेगळेपणा कुठला धरायचा? त्यांनी दाराला आतून कडी घातली, बाटली आपणच रेघेपर्यंत भरली, बाहेरून धुतली, पुसली आणि बादलीत घालून टेबलापाशी आणून ठेवली. प्रभाकररावांनी चष्म्यातून बाटलीकडे पाहिलं. आपल्याला वाटलं होतं त्यापेक्षा बरंच झालं की, असा भाव त्यांच्या चेहऱ्यावर आला आणि ते खुर्चीत जरा ताठ बसले.

सहा तास पाहुण्यांना गुंतवायचं होतं. जेवणं झाली, बागाऱ्या वांग्यांचं कौतुक झालं, प्रभाकररावांनी निजामाच्या वेळच्या कोर्टाचे किस्से सांगितले. तीनच्या पुढे मेघनानं हात धुऊन पेटी उघडली.

पट्टी गुलाबी होती. पहिल्या टोकापासून ओळीनं अकरा वाट्या गुलाबी. शेवटची एकच निळी.

मेघनानं पट्टी उजेडाला धरून दोनदा पाहिली. मग तिनं सांगितलं, की अकरातली दहा औषधं या जंतूंवर चालणार नाहीत. चालेल असं एकच, ते इंजेक्शनातून द्यायचं आणि तेही जपून, कारण ते कानांना आणि मूत्रपिंडाला बाधू शकतं.

प्रतापराव उठून उभे राहिले. त्यांना झालेला आनंद त्यांनी आधी चेहऱ्यावर येऊ दिला नाही, रोग्याचं घर होतं. पण मग राहवलं नाही. साधे जंतू निघाले असते, ते म्हणाले, तर या पेटीचं काय कौतुक राहिलं असतं? साधी गोळी दिली असती आणि काम झालं असतं. "असा पेशंट जाहिरात देऊन मिळाला नसता, प्रभाकरराव. तुम्ही आम्हाला घरबसल्या दिलात."

प्रभाकररावांचा चेहरा आधी पडला आणि मग, सगळे आपल्याकडे आदरानं बघताहेत हे ध्यानात आल्यावर, हळूहळू वर आला. आयुष्यभर त्यांना साधी पडशीसुद्धा चारचौघांसारखीच झाली होती.

मेघनानं विचारलं, बाबांनी आजवर कुठली कुठली औषधं घेतली आहेत? प्रभाकरराव म्हणाले, "मी कसलं घेतो? डॉक्टर पाच दिवसांची देतात, दोन दिवसांत ताप उतरतो, मी सोडून देतो. नक्को ती कटकट. विचार हिला."

हिला विचारायची गरज नव्हती. इंदुमतीबाई दाराशी उभ्या होत्या आणि त्यांच्या पाठीतून एक थंड शहारा गेला. तसा तो पंधरा दिवस रोज संध्याकाळी जात होता. जळजळ होती, कंबर भरून यायची, अंगात कसर असायची. असल्या जागेचं दुखणं कुणाला सांगायचं? त्यांनी नेहमीचा उपाय केला होता. फळीवर बिस्किटांचा एक जुना डबा होता, त्यात घरातल्या सगळ्यांच्या उरलेल्या कॅप्सूल पडत. नवऱ्याच्या तीन, मिलिंदच्या दोन, पाहुणी म्हणून आलेल्या नणंदेच्या चार. उरलेली पोळी, उरलेला भात, उरलेली आमटी जशी घरच्या बाईनं संपवायची, तशाच उरलेल्या कॅप्सूलही बाई संपवत आल्या होत्या. अन्न टाकलं तर पाप लागतं; कॅप्सूल तर अन्नापेक्षा महाग. त्यामुळे गेल्या वीस वर्षांत बाजारात आलेलं बहुतेक प्रत्येक औषध थोडं थोडं त्यांच्या पोटात गेलं होतं, आणि पुरतं एकही नाही.

जंतूंना शिकवणी लावायची म्हटली असती तरी याहून चांगली लावता आली नसती.

त्याच दिवशी बोलायचं, असं त्यांनी मनाशी ठरवलं. पण प्रतापरावांसमोर कसं बोलणार? ते गेल्यावर मिलिंदनं आईच्या पायांवर डोकं ठेवलं. चार वर्षांत पहिल्यांदा तो पोटभर जेवला होता. त्या पाठीवर हात ठेवून ते कसं बोलणार? मग बाईंनी मनाची समजूत काढली. चार थेंब तर त्यांचेही होतेच. जंतू त्या चार थेंबांतले नसतीलच, असं कुणी सांगावं? पेटीला जंतू कळतात, माणूस कुठं कळतो.

बुधवारी डॉक्टरांनी पट्टीचा फोटो पाहिला आणि इंजेक्शनं लिहून दिली. रोज एक, दहा दिवस. कानात आवाज आला तर लगेच कळवायचं, असंही सांगितलं. संध्याकाळी सहाला दत्तोबा कंपाउंडर आला. इंजेक्शनची सुई जाड होती. प्रभाकरराव ओरडले नाहीत, पण बायकोचा हात त्यांनी असा दाबला की बांगडी वाढवली. बाईंना वाटलं, ही सुई माझी आहे. त्या रात्री त्यांनी डब्यातल्या दोन कॅप्सूल काढल्या, हातात धरल्या आणि परत डब्यात टाकल्या. कुठल्याच चालणार नव्हत्या. ते पट्टीनं आता सांगून टाकलं होतं.

गुरुवारी दुसरी सुई झाली. तोवर बातमी गल्लीभर झाली होती. प्रभाकररावांना बघायला माणसं येत होती आणि ते लोडाला टेकून सांगत होते की साध्यासुध्या गोळ्यांचं हे काम नाही, मियाँ, दहा औषधं हात टेकून गेली. खालच्या मजल्यावरचे एकनाथराव मधुमेहाचे जुने मानकरी, पण त्यांचंसुद्धा कुणी ऐकून घेईना. प्रतापरावांनी निरोप धाडला होता की पेटीच्या माहितीपत्रकावर पहिल्या पानावर प्रभाकररावांचा फोटो असेल. प्रभाकररावांनी त्यासाठी काळा कोट उन्हात टाकायला लावला. इंदुमतीबाईंनी तो गच्चीवर नेला आणि जिना चढताना दोनदा कठड्याला धरून उभ्या राहिल्या.

शुक्रवारी सकाळी दोन गोष्टी झाल्या. कोठीच्या लॅबोरेटरीचा रिपोर्ट आला. पेटीनं जे सहा तासांत सांगितलं होतं तेच त्यांनी तीन दिवसांनी सांगितलं होतं, अक्षरही इकडचं तिकडे नाही. मिलिंदचा फोन आला, दुपारी दोनला कुकटपल्लीच्या शेडमध्ये प्रतापराव सही करणार. आणि दुसरी गोष्ट, चहा पिता पिता प्रभाकररावांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, "कानात कायतरी वाजतंय गं. रातकिड्यासारखं."

ते अंघोळीला जाईपर्यंत इंदुमतीबाई थांबल्या. मग फोनपाशी गेल्या आणि मेघनाला लावला. मिलिंद शेडमध्ये टेबलं मांडत होता, ती कुकटपल्लीच्या त्यांच्या घरीच होती.

बाई कधी कुणाशी असं सलग बोलल्या नव्हत्या. बादलीपासून सुरू केलं आणि डब्यापर्यंत, मग कालच्या कोटापर्यंत आल्या. सून रागावेल, असं बाईंना वाटलं. मेघना म्हणाली, "आई, तुम्हाला आत्ता ताप आहे?"

"आहे थोडा."

"थंडी वाजून येतो?"

"संध्याकाळी."

"आणि तुम्ही फोटोसाठी कोट वाळवत होतात."

ही थट्टा होती की रडणं, ते फोनवर कळलं नाही. मग मेघना भराभर बोलली. बाबांना आज इंजेक्शन नाही द्यायचं, कान आजच दाखवायचे. दोघांची तपासणी वेगवेगळी, वेगवेगळ्या बाटल्यांत. "मिलिंदला मी सांगू?"

"नको," इंदुमतीबाई म्हणाल्या. "तू सांगितलंस तर सून सासूला वाचवतेय म्हणतील. मी येते. सही व्हायच्या आत येते, आणि मिलिंदला आणि त्या प्रतापरावांना मीच सांगते. तोवर तू काही बोलू नकोस."

"त्यांच्यासमोर बोलाल?"

"बोलेन. शब्द दिला तुला."

"मग निघताना दोन तांबे पाणी पिऊन निघा," मेघना म्हणाली. बाईंचा देवाचा नेम होता, दुपारी बारापर्यंत पाण्याचा थेंब नाही. तो मेघनालाही ठाऊक होता. बाई म्हणाल्या, पिते.

प्रभाकरराव अंघोळीहून आले तेव्हा त्यांना सांगायचं राहिलं होतं, आणि तेच सगळ्यात अवघड निघालं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. पंच्याचं टोक हातात तसंच राहिलं.

"म्हणजे मला काही नाहीच?"

"तसं कसं सांगू? तुमचे चार थेंब होते त्यात. पण ताप मला आहे, जळजळ मला आहे."

"आणि मी परवापासून सगळ्यांना सांगतोय." ते खुर्चीत बसले. एवढ्या मोठ्या दुखण्यातून एका क्षणात बरा झालेला माणूस इतका दुःखी झालेला बाईंनी पाहिला नव्हता. मग काय वाटलं कुणास ठाऊक, त्यांनी उठून बायकोच्या कपाळाला हात लावला. हात तिथंच राहिला. "अगं, भट्टी झालीय तुझी. पंधरा दिवस? आणि मला बोलली नाहीस?"

"तुम्ही तरी कुठं बोललात, जमत नाही म्हणून?"

हायकोर्टात असं अडलं की प्रभाकरराव पुढची तारीख द्यायचे. त्यांनी आताही तोच प्रयत्न केला. सही दोनला आहे ना, म्हणाले, मग चारला सांग. दोन तासांनी काय बिघडतंय? पेटी तर खरंच बोलली आहे, जंतू खरे, औषध खरं, लॅबनं पण हौ म्हटलं. चुकलं ते नाव. पोराची चार वर्षं आहेत त्यात, इंदू. तो माणूस पुण्याचा, एकदा उठून गेला की परत येणार नाही.

हे सगळं इंदुमतीबाईंनी आधीच स्वतःला सांगून पाहिलं होतं, मंगळवारी, बुधवारी आणि गुरुवारीही. प्रभाकररावांनी त्यात नवीन काही घातलं नाही. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "उद्या कुठल्यातरी खेड्यात असंच कुणी बाटली भरून देईल. तेव्हा विचारायचं कसं, ते या लोकांना आजच कळलेलं बरं. पेटीवर लिहावं त्यांनी, ज्याची त्यानं भरावी म्हणून."

"आणि उठून गेला तो तर?"

"तर गेला. दत्तोबाला फोन करून नको म्हणून सांगा. कानांसाठी डॉक्टरांकडे आत्ताच जा, एकनाथरावांना बरोबर घ्या."

"एकनाथरावांना काय सांगू? कायकू आलो म्हणून?"

"ते तुम्ही ठरवा," बाई म्हणाल्या. चाळीस वर्षांत त्यांनी नवऱ्याचं काम नवऱ्यावर सोडण्याची ही पहिलीच वेळ असावी.

त्यांनी तांब्या भरून घेतला आणि देव्हाऱ्याकडे पाठ न करता, उभ्या उभ्या न पिता, पाटावर बसून सगळा प्यायल्या. मग दुसरा. घड्याळात साडेदहा वाजले होते. नेसूचं लुगडं बदललं, पिशवीत रुमाल आणि चष्मा टाकला. अंगात कणकण होती. कोठीहून कुकटपल्लीला दोन बस बदलाव्या लागतात आणि दुसरीत बसायला जागा मिळत नाही, हे त्यांना माहीत होतं. प्रभाकरराव म्हणाले ऑटो करून देतो. बाईंनी नको म्हटलं. बोलायचं कसं ते जुळवायला वेळ हवा होता. 'लघवी' हा शब्द परक्या पुरुषासमोर त्यांनी आजवर उच्चारला नव्हता, आणि तो टाळून ही गोष्ट सांगता येत नव्हती.

जिन्यात कुणी नव्हतं. एकेक पायरी उतरताना त्यांनी तो शब्द दोन-तीनदा पुटपुटून पाहिला. मग पदर खांद्यावरून घेतला आणि बसथांब्याच्या दिशेनं चालू लागल्या.